हजेरीतली मोकळी जागा

हे मी कोणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. सुजलेल्या पायांनी दवाखान्यातून घरी परतलेला, खिशात तपासणीचा कागद असलेला आणि उंबऱ्यात आल्यावर तोंड कुठं लपवावं हे न कळणारा जो कोणी असेल, त्याच्यासाठी. किडनीची शास्त्रीय माहिती यात सापडणार नाही. ती डॉक्टर सांगतात, आणि नाही समजली तर पुन्हा सांगतात. मी फक्त माझी एक चूक सांगणार आहे. ती मला एका परमुलखातल्या माणसानं दाखवली. तो मला भेटला होता तीस-बत्तीस वर्षांपूर्वी, आणि चूक दाखवली ती अलीकडं, मी कराडला डायलिसिसच्या मशीनला लावलेला असताना. तेव्हा तो जिवंत होता की नाही, मला ठाऊक नाही.

मी सैन्यात चोवीस वर्षं काढली, वायरलेसवर. नायब सुभेदार म्हणून घरी आलो. गाव उंब्रजजवळ, नदीच्या कडेला, चहूकडं ऊस. बायको सुशीला, तिचं माहेर म्हसवडकडचं, दुष्काळी भागातलं. एक मुलगा, विक्रम, पुण्याला कंपनीत असतो. माझा स्वभाव म्हणाल तर घरातली मांजरंसुद्धा मी आलो की उठून उभी राहायची, असं सुशीला म्हणते. थोडं वाढवून सांगते ती, पण अगदीच खोटं नाही.

कागद

वर्षभर पाय सुजत होते. मोज्याची रेघ पोटरीवर संध्याकाळपर्यंत राहायची. जेवणाला लोखंडाची चव यायची. ब्लड प्रेशरची गोळी मी आठवड्यातून दोनदा घ्यायचो, मनाला येईल तेव्हा, कारण मला काहीही होत नव्हतं. सुशीला म्हणायची, आवं तुमची चप्पल बसंना झालीया. मी म्हणायचो, चप्पल आटली असेल.

कराडच्या डॉक्टरांनी कागद वाचला तेव्हा ते काय बोलले यातलं मला फारसं आठवत नाही. खिडकीबाहेर एक माणूस पाइप घेऊन टेम्पो धूत होता, ते मात्र लख्ख आठवतं. पाणी टेम्पोच्या काचेवरून ओघळत होतं आणि मला वाटत होतं की हे सगळं त्या काचेपलीकडं दुसऱ्या कुणाला तरी चाललं आहे. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि पुढं घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर ती बसवायची.

मग दवाखान्यातल्या एक बाई कागद भरायला आल्या. खर्च माजी सैनिकांच्या योजनेतून निघणार होता, तो प्रश्न नव्हता. घरात देणारं कोणी आहे का, त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मिसेस आहेत ना. लिहा."

सुशीला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं पाहिलं. बाईंनी नाव लिहिलं, वय लिहिलं, रक्तगट विचारला. तो जुळत होता. विक्रमचा जुळत नव्हता. मला वाटलं, चला, एक काम झालं.

आमच्याकडं पलटणीत एक जुना विनोद आहे. साहेब विचारतात, या कामाला स्वखुशीनं कोण येतंय? आणि कोणी तोंड उघडायच्या आत बोट दाखवतात: तू, तू आणि तू, एक पाऊल पुढं. चोवीस वर्षं मी त्यावर हसलो होतो.

चार तास

डायलिसिसची भीती दोन खेपांत जाते. राहतो तो कंटाळा, आणि थंडी. आधी मानेत नळी होती, मग डाव्या मनगटावर छोटं ऑपरेशन करून रक्तवाहिनी जोडली. तिथं बोट ठेवलं की आत भुंगा कोंडल्यासारखं घुमतं. सुरुवातीला मला त्याची किळस वाटायची. नंतर झोपताना मी तो हात कानाशी घेऊ लागलो. जिवंत असल्याचा आवाज आपल्याला एरवी कुठं ऐकू येतो?

पाणी मोजून, दिवसाला एक तांब्या. घराबाहेर कृष्णा वाहतेय आणि मी खडीसाखरेसारखा बर्फाचा खडा चघळतोय. मला स्वप्नंही पाण्याचीच पडायची.

मशीनवर तिसरा तास लागला की माझं प्रेशर उतरायचं. सिस्टर पाय उंच करायच्या, अंगावर आणखी एक चादर टाकायच्या, आणि मी जागाही नाही, झोपलेलाही नाही, अशा जागी जाऊन पोचायचो. समोरची पांढरी भिंत हळूहळू मागं सरकायची. एसीचा गारवा जमिनीवर साचून त्याचा बर्फ व्हायचा. मग त्या बर्फात एका शाळेचं पटांगण दिसायचं आणि त्यात उभी माणसं.

ओळखायला मला तीन-चार खेपा लागल्या. तो क्रोएशिया होता.

यूरे

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडं लढाई पेटली आणि संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना पाठवली. आपले मोजकेच लोक गेले होते. एका निरीक्षक साहेबांबरोबर वायरलेस सांभाळायला मी होतो. कोण बरोबर, कोण चूक हे ठरवणं आमचं काम नव्हतं. गोळीबार थांबलाय की नाही ते बघायचं आणि कळवायचं.

डोंगरातल्या एका गावी आम्ही नऊ दिवस राहिलो. आलुबुखाराच्या बागा, धुकं, आणि अर्धं छप्पर उडालेली शाळा. तिथल्या स्वयंसेवकांच्या तुकडीचा कमांडर होता यूरे. उंच, हडकुळा, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली, लष्करी कोटाच्या आत आईनं विणलेला स्वेटर. आधी मालवाहू जहाजावर होता, राखीव दलात अधिकारी होता, आणि लढाई आली तेव्हा गावातली सत्तर माणसं त्याच्या हाती आली. मुंबई बंदरात त्यानं कधीतरी चहा प्यायला होता. मला बघितलं की तो मोठ्या खुशीत "चाय" म्हणायचा आणि खिशातून सुकवलेली आलुबुखारं काढून माझ्या हातावर ठेवायचा. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं.

त्याची माणसं म्हणजे बस ड्रायव्हर, पोस्टमन, शाळेत बाजाची पेटी शिकवणारे मास्तर, आणि गावचा बेकर. बेकरच्या बुटांवर कायम पीठ असायचं. दिवस कलला की सगळे पटांगणात ओळीत उभे राहायचे आणि यूरे एकेकापुढं जाऊन हळूच काहीतरी विचारायचा. समोरचा मान हलवायचा. मग तो पुढच्याकडं.

मी त्याला विचारलं, रोज काय विचारतोस? तो म्हणाला, उद्या येणार का, एवढंच विचारतो.

मला हसू आलं. अशी हजेरी मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्याकडं 'उद्या येणार का' असं कुणी जवानाला विचारलं असतं, तर आधी विचारणाऱ्याचीच डॉक्टरी तपासणी झाली असती.

चौथ्या दिवशी बेकर नाही म्हणाला. आता याला शिव्या बसणार म्हणून मी बघत राहिलो. यूरेनं त्याचा हात हातात घेतला, त्याच्या बायकोची चौकशी केली, आणि पुढच्या माणसाकडं गेला. बेकरनं बंदूक भिंतीला टेकवली आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी ओळ उभी राहिली तेव्हा त्याच्या जागी एका माणसाएवढी फट. कोणी सरकून ती बुजवली नाही.

मला राहवलं नाही. ओळ सरळ का करत नाहीस, आणि त्याला बोलवायला कोणी का जात नाही, मी विचारलं. यूरेनं चष्मा काढून स्वेटरला पुसला. तो म्हणाला, एकदा नाही म्हणालेल्या माणसाला पुन्हा विचारलं की ते विचारणं राहत नाही, ते ढकलणं होतं. जागा मोकळी ठेवायची. रस्त्यावरून जाताना त्याला ती दिसते.

आम्ही निघालो त्या दिवशीही फट तशीच होती. बेकर परतला की नाही मला कधीच कळलं नाही. एक मात्र खरं, पाव रोज सकाळी न चुकता येत होते, सत्तर जणांचे, गरम.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आणि आता कराडच्या थंड खोलीत तिसऱ्या तासाला यूरे ओळीतून चालत यायचा. बर्फावर पाय वाजायचे नाहीत. कधी ती ओळ आमच्या उसाच्या बांधावर उभी असायची, कधी नदीच्या उथळ पाण्यात. तो माझ्या खाटेपाशी थांबायचा आणि मला काही विचारायचाच नाही. माझ्या शेजारी, सुशीला बसायची त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडं बघत राहायचा.

एके दिवशी मशीनची शिटी वाजली, मी डोळे उघडले. खुर्चीवर सुशीला बसल्या बसल्या पेंगत होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. या बाईला मी विचारलेलंच नाही, हे मला त्या क्षणी कळलं. किडनीचंच नव्हे. काहीच.

विचारलं

त्याच दिवशी संध्याकाळी ती अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी खुर्ची ओढून बसलो. छत्तीस वर्षांच्या संसारात मला इतकी धडधड कधी झाली नव्हती. मी म्हणालो, तुझं नाव मी तुला न विचारता दिलं, ते चुकलं माझं. आता विचारतो. तू देणार का?

सूप थांबलं. एक खडा तिनं बोटात धरला.

"न्हाई," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय. थोरल्या आक्काला टेबलावर घेतलं ती माघारी आली न्हाई. मला न्हाई जमायचं."

तिची थोरली बहीण ऑपरेशनमध्ये गेली होती, मी लडाखला असताना. पत्रानं कळवलं होतं तिनं. मी उत्तरात काय लिहिलं होतं, देव जाणे.

मी म्हणालो, "बरं."

एवढंच म्हणालो आणि आत येऊन कॉटवर पडलो. आता खरं सांगतो, कारण खोटं सांगून तुमचा काही फायदा नाही. मला तिचा भयंकर राग आला. विचारणारा मी मोठा समंजस, पण उत्तर माझ्या मनासारखं यावं अशी माझी खात्री होती. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ रात्रभर माझ्या छातीत होता. सकाळी उठलो तर तिनं माझी भाजी दोनदा उकळून पाणी ओतून तयार ठेवली होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. बिनमिठाची भाकरी गरम होती. मला बेकरचे पाव आठवले आणि मी गुमान जेवलो.

त्या आठवड्यात कागद भरणाऱ्या बाईंना फोन करून मी तिचं नाव काढायला सांगितलं.

पाच महिने

नाव काढल्याचं घरात कळायला वेळ लागला नाही. माझी भावजय सुशीलाला ऐकू जाईल अशा बेतानं भिंतीशी बोलू लागली. विक्रम पुण्याहून आला तो तडकलेलाच. आईला काही बोलायच्या आत मी त्याला नदीकडं घेऊन गेलो. त्याला दम लागू नये एवढ्या सावकाश मी चालत होतो, म्हणजे खरं तर उलट होतं.

"आप्पा, तिनं असं कसं म्हनायचं?" तो म्हणाला. "तुमचा जीव हाय ह्यो."

मी त्याला म्हणालो, "जीव माझा हाय, किडनी तिची. या घरात तिला कुनी एक सबूद बोलायचा न्हाई. बोलायचं आसंल तर आदी मला बोला."

असं वाक्य माझ्या तोंडून निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. भावजयीला मी काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण भिंतीशी बोलणं बंद झालं.

मग सुशीला माहेरी गेली. देवाचं निमित्त होतं. आठ दिवस म्हणून गेली आणि बारा दिवस झाले. मी फोन केला नाही. फोन केला असता तर काहीही विचारलं असतं तरी तेच विचारल्यासारखं झालं असतं. एकटाच एसटीनं कराडला जायचो आणि यायचो. शेजारची खुर्ची रिकामी. सिस्टर तिच्यावर चादरींची चळत ठेवायला आल्या तेव्हा मी म्हणालो, राहू द्या ती मोकळी. तिसऱ्या तासाला यूरे आला आणि त्या खुर्चीकडं बघून त्यानं पहिल्यांदा मान हलवली. बरोबर की चूक, काही कळलं नाही.

माझ्या पलीकडच्या खाटेवर पाटणकडचे एक आबा असायचे, कोयनेच्या खोऱ्यातले. त्यांना देणारं कोणी नव्हतं. मशीन चालू असताना ते डोळे मिटून आपल्या गावचे ओढे एकेक करून सांगायचे, कुठला कुठून उगवतो, कुठला कशाला मिळतो. तहान लागलेल्या माणसाला असं ऐकणं म्हणजे छळच, पण मला ते फार आवडायचं. एका सोमवारी ते आले नाहीत. बुधवारी त्यांच्या खाटेवर दुसरा माणूस. दवाखान्याला जागा मोकळी ठेवून चालत नाही, हे समजतं. तरी त्या दिवशी मी सिस्टरना सांगून तोंड भिंतीकडं केलं.

तेराव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर चुलीला जाळ होता. सुशीला भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "आज किती पानी काडलं?" मी म्हणालो, अडीच लिटर. ती म्हणाली, "लय झालं. भाईर चा पिलासा वाटतं." एसटी स्टँडवर दोन कप चहा ढोसला होता मी. मी हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले ते तिला दिसू नयेत म्हणून गोठ्याकडं गेलो.

त्यानंतरही आमच्यात त्या विषयावर एक अक्षर निघालं नाही. ती पुन्हा खुर्चीवर येऊन बसू लागली. मी मरणार असेन तर हिच्या शेजारी, हिच्यावर राग न धरता मरायचं, एवढं मी ठरवून टाकलं होतं. ते ठरल्यावर झोप बरी लागू लागली.

सांगली

पाच महिने होऊन गेले असतील. मशीनचा तिसरा तास, माझे डोळे जड झालेले. बर्फ यायला लागला होता. त्या बर्फात सुशीलाचा आवाज आला आणि मला वाटलं, ही कशी इथं.

"आवं, त्या बाईस्नी फोन लावा," ती म्हणत होती. "माजं नाव लिवा म्हनावं."

मी डोळे उघडले. ती खरीच खुर्चीवर होती. मी म्हणालो, मी तर पुन्हा विचारलं नाही. ती म्हणाली, "तेच तर."

पुढच्या तपासण्या आणि ऑपरेशन सांगलीला व्हायचं होतं. तिथं आधी दवाखान्याची समिती बसते. देणारा स्वखुशीनं देतोय ना, हे चार माणसांसमोर, कॅमेरा लावून विचारतात. तिला आधी एकटीला आत घेतलं, मग मलाही बोलावलं आणि माझ्यादेखत पुन्हा विचारलं. एक वयस्क डॉक्टर होते. बाई, घरच्यांचा दबाव आहे का? पतीनं आग्रह केला का?

सुशीलानं पदर सारखा केला.

"ह्येनी येकदाच इच्यारलं," ती म्हणाली. "मी न्हाई म्हनलं. त्येवर पाच म्हैनं ह्येनी घरात कुनाला मला वाकडं बोलू दिलं न्हाई, आनि ह्येनी परत इच्यारलं न्हाई. सायेब, माजं लगीन लावताना मला कुनी इच्यारलं नव्हतं. रान कसायला, सासू-सासरं बघायला, कशाला म्हंजी कशाला इच्यारलं नव्हतं. न्हाई म्हनाय आलं तवाच मला व्हय म्हनाय आलं. भ्या अजून वाटतंयच. पर देते मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी मान वर केली नाही. माजी सैनिकानं रडू नये असं काही नियमात नाही, पण सवय नसते.

ऑपरेशनच्या दिवशी तिला आधी नेलं. स्ट्रेचर वळताना तिनं हात वर केला, शेतातून एसटीला हात करतात तसा. मग माझ्या तोंडावर मास्क आला, आणि शेवटचं पटांगण दिसलं. धुकं होतं, ओळ उभी होती. यूरे माझ्याकडं पाठ करून चालत होता. बेकरची फट शोधायला मी वाकून बघितलं, पण धुकं इतकं होतं की फट आहे की भरली, काही दिसेना. जमिनीवर मात्र बुटांचे पांढरे ठसे होते. ते पिठाचे की बर्फाचे, हे बघायच्या आत मला झोप लागली.

त्यानंतर यूरे आलेला नाही. मी कधीकधी दुपारी मुद्दाम डोळे मिटून वाट बघतो.

आता

वर्ष झालं. नवी किडनी चालते आहे. गोळ्या आहेत, मास्क आहे, गर्दीत जायचं नाही. पाणी मात्र हवं तेवढं. पहिल्यांदा पूर्ण तांब्या एका दमात प्यायलो तेव्हा पाटणच्या आबांचे सगळे ओढे एकामागून एक आठवले. सुशीला बरी आहे. थंडीत तिची कूस दुखते, आणि तेव्हा ती मला ऐकू जाईल असं कण्हते. तेवढा तिचा हक्क आहे.

तुमच्या घरातही कागद आला असेल, तर देणाऱ्याचं नाव स्वतः लिहून मोकळे होऊ नका. विचारा. आणि नाही आलं तर नाही ऐकून घ्या. माझ्या वेळी हो आलं म्हणून मी हे सांगतो असं वाटेल. पण ते आलं नसतं तरी हेच सांगितलं असतं. फक्त मग लिहायला मी असतो की नाही, कोण जाणे.

डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलंय. नदीपर्यंत जाऊन यायचं. रोज संध्याकाळी जेवताना मी सुशीलाला विचारतो, उद्या येणार का? कधी व्हय म्हणते, कधी बघू म्हणते. काल म्हणाली, "न्हाई. मला झोपायचंय."

आज सकाळी मी एकटाच जाऊन आलो. उसाला तुरे आलेत, वाटेवर दव होतं. रस्ता रिकामा होता, पण मी उजव्या कडेनंच चाललो. ती असते ती डावी बाजू मोकळी ठेवली.